ब्रोचच्या पाठीवर

सोमवार, ता. ४

पहिली आली ती चष्मेवाली, आणि तीसुद्धा चुकून शेजारच्या दारात. शेजारीण कुठली सोडतेय! कोण पाहिजे, कशाला पाहिजे, आधी फोन केला होता का, असं सगळं विचारून झाल्यावर तिला माझ्या दाराशी आणलं, आणि "मी पण बसते पाच मिनिटं" म्हणून तिच्याही आधी आत येऊन बसली. मागून जिन्यात धापा टाकत एक उंच माणूस आला. त्याच्या हातात पांढरे हातमोजे. मला वाटलं डॉक्टर. म्हटलं, "अहो, मला काही झालेलं नाही. गुडघा दुखतोय तो वरच्या मजल्यावरच्यांचा."

तो हसला. "आजी, आम्ही संग्रहालयातून आलोय. तुमचे ब्रोच बघायचेत."

माझे ब्रोच! घरातल्या माणसांनी इतक्या वर्षांत धड बघितले नाहीत, आणि हे दोघं तीन जिने चढून आले. मला इतका आनंद झाला की चहाचं आधण ठेवायचं सोडून मी तशीच पातेलं हातात धरून उभी.

नात म्हणते, "आजी, वहीत असं लिही की वाचणाऱ्याला काहीच माहीत नाही." वाचणारं कोण बसलंय, असं मी म्हणते. पण वही तिने आणून दिलीय. तिसरीत सुटलेली शाळा आता पूर्ण कर, म्हणते. तर सांगते. ब्रोच म्हणजे कोटाच्या छातीवर लावतात तो. पण माझे ब्रोच फुलांचे, खड्यांचे नाहीत. एक आहे गंजका पत्रा, पाकिटासारखी घडी घातलेला, आणि कोपऱ्यात निळ्या मीनाचा, म्हणजे भट्टीत भाजलेल्या काचेच्या रंगाचा, एकच थेंब. एकात चष्म्याची तडकलेली काच आणि तिच्याखाली एक पांढरा केस. एक काळ्या जाळीचा, त्याला सून मोरीवरची जाळी म्हणते. एक सिमेंटचा, साखरेच्या खड्याएवढा, त्याला खिडकी कोरलीय आणि आत पिवळा रंग, जसा काही कोणी घरात दिवा लावून बसलंय. तो माझा सगळ्यांत लाडका. खरं म्हणजे सगळेच लाडके. सत्तावीस आहेत. खोलीच्या कोपऱ्यात माझी शिवणकामाची पुतळी उभी आहे, तिला माझा जुना काळा कोट घातलाय, त्यावर सगळे लावलेत. पुतळीला डोकं नाही. मुलगा म्हणतो, घरात उलट न बोलणारी बाई ती एकच.

हातमोजे घालून त्या उंच माणसाने सिमेंटचा ब्रोच असा उचलला, जसं काही तान्हं बाळ. मी म्हटलं, "अहो, हा लावून मी बटाटे आणायला जात होते." त्याने उलटा केला, मागे बघितलं. मागे बारीक शिक्का आहे. "सरांचाच," तो म्हणाला. चष्मेवालीने चष्मा काढून पुसला. "सरांचं इतकं काम एका जागी! कुठेच मिळत नव्हतं हो, आजी."

सर म्हणजे माझ्या जुन्या ओळखीचे कलाकार, आता ब्याऐंशी वर्षांचे. त्यांच्या ब्रोचचं मोठं प्रदर्शन होणार. माझे सत्तावीस काचेच्या कपाटात बसणार. खाली पाटी: करणाऱ्याचं नाव म्हणून सरांचं, आणि त्याखाली, हे यांच्या संग्रहातून, म्हणून माझं.

"माझं नाव? काचेखाली?"

"हो आजी."

शेजारीण लगेच म्हणाली, "शेजाऱ्यांचं नाही का लावत?"

मंगळवार, ता. ५

काल आनंदात मुख्य माणूस लिहायचं राहिलंच. भट्टीवाली.

मी कोटांच्या दुकानात एकतीस वर्षं होते. कोट शिवायचे, उसवायचे, आत घ्यायचे, बाहेर सोडायचे. दुकानामागच्या खोलीत भट्टीवाली काम करायची. सरांची बायको. सर कॉलेजात कला शिकवायचे, मोठं नाव. ही मागच्या खोलीत दिवसभर पत्रा कापणार, झाळ लावून जोडणार, मीना भाजणार. भुवया कायम अर्ध्या जळलेल्या. दोन वर्षं झाली तिला जाऊन.

एक दिवस हातात काहीतरी कोमट घेऊन आली. "ताई, हा आठ दिवस कोटावर लावा. झुकतो का, पडतो का, कापड फाडतो का, ते मला सांगा. कोणी खरं सांगत नाही हो, सगळे नुसतं छान छान म्हणतात."

मी काय, कापडातली बाई. खरं सांगितलं. हा तोंडावर पडतो. याची पिन जाड, लोकरीला भोक पाडते. याचा कोपरा बाहीत अडकतो. ती सगळं लिहून घ्यायची, परत न्यायची, परत करायची. चार-चार वेळा. आणि जो शेवटी जमला, तो काढायला गेले की म्हणायची, "राहू दे तुमच्याच अंगावर." असे सत्तावीस झाले. लोक म्हणतात मी गोळा केले. मी नुसते घातले.

शनिवारी दुपारी सर यायचे. स्वच्छ शर्ट. स्टुलावर बसायचे, आठवड्यात झालेला एकेक ब्रोच उलटा करायचे आणि छोट्या हातोडीने मागे आपला शिक्का मारायचे. ठक. मग ते दागिन्यांच्या दुकानांत, प्रदर्शनांत जायचे.

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी शिवलेल्या प्रत्येक कोटाच्या मानेशी मालकाच्या नावाची पट्टी मीच लावायची, आणि मालकाने जन्मात सुई धरली नव्हती. कोट मालकाचे, तसे ब्रोच सरांचे. इतकं साधं आहे.

शनिवार, ता. ९

सर आले! सकाळी सकाळी, काठी घेऊन, वर फळांची पिशवी. अर्ध्या जिन्यातून हाक मारली, "ताई, तुमचे जिने वाढलेत का हो?"

"जिने तेवढेच आहेत, सर. आपण कमी झालोय."

किती हसले. सर म्हणजे माझ्यासाठी कोण आहेत ते लिहून ठेवते. आमचे हे दवाखान्यात पाच आठवडे होते तेव्हा सर रोज दुपारी येऊन त्यांना वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवायचे. यांना शेवटी शेवटी काही कळत नव्हतं. तरी वाचायचे, अगदी जाहिरातींसकट. हे मी कधी विसरणार नाही.

चहा झाल्यावर सरांनी कागद काढला. संग्रहालयाला असा कागद लागतो म्हणाले. वाचून दाखवला. हे सत्तावीस ब्रोच सरांनी कल्पिलेले, स्वतः केलेले आणि मला भेट दिलेले आहेत, अशा अर्थाचं. "स्वतः केलेले" ऐकून कुठेतरी टोचलं. अस्तरात टाचणी राहिली की कसं होतं, दिसत नाही पण बसवत नाही, तसं. पण कागदावरची भाषा अशीच असते. मालकाच्या पाटीवरही "आमच्या हातचे कोट" असंच लिहिलेलं होतं. मी सही केली. माझी सही अर्धी ओळ खाते. सर म्हणाले, "वा, काय अक्षर आहे!"

मग त्यांना हौस आली. सिमेंटचा खिडकीवाला ब्रोच घेतला आणि आपल्या जाकिटाला लावायला गेले. पिन उघडेना. इकडून दाबली, तिकडून ओढली. "जाम झालीय," म्हणाले.

"जाम कुठली, सर! उलट्या बाजूने ढकला. मी डावखुरी ना. भट्टीवालीने माझे सगळे ब्रोच डाव्या हाताने उघडायचे केलेत." मी एका बोटाने उघडून दाखवली. आम्ही दोघीच त्यावर किती हसायचो, की हे ब्रोच चोरले तरी चोराला लावता येणार नाहीत.

सर त्या पिनेकडे बराच वेळ बघत होते. "असं आहे होय," म्हणाले.

जाताना सगळे उलटे करून बघितले. तिन्हींवर शिक्का नव्हता. "हे तीन पॉलिश करून देतो," म्हणाले. मी रुमालात बांधून दिले. या वयात केवढी काळजी करतात!

बुधवार, ता. १३

विशेष काही नाही. सून म्हणते, ब्रोच गेले की त्या कोपऱ्यात कपाट मावेल. मुलगा म्हणतो, भंगारवाल्यानेही दोनदा विचार केला असता, आणि आई काचेच्या कपाटात! मी म्हटलं, तुझं पोट पुढे येतंय, तूही लवकरच कुठल्यातरी कपाटात जाशील.

नातीने विचारलं, "आजी, सही कशावर केलीस?"

"कागदावर."

"काय लिहिलं होतं त्यात?" मी सांगितलं. पावाचा तुकडा हातात तसाच. मग म्हणाली, "आणि ते तीन त्यांनी कशाला नेले?" पॉलिशला, म्हटलं. तिने पाव ताटात परत ठेवला. हल्लीची मुलं जेवतानाही कसला विचार करतात कोण जाणे.

शुक्रवार, ता. १५

आज दोघं फोटो काढायला आले. सोबत दिवे, काळं कापड, काय काय. माझी पुतळी इतक्या दिव्यांत कधी उभी राहिली नसेल. शेजारणीने स्वतःची लाल शाल आणून दिली, फोटोत मागे चांगली दिसेल म्हणून. त्यांनी घेतली नाही. ती अजून फुगलीय.

मी मधे मधे बोलत होते. कुठला ब्रोच कोणत्या कोटावर होता, कशाने पडला, कधी दुरुस्त झाला. चष्मेवाली आधी नुसती हं हं करत होती, मग लिहायला लागली. हातमोजेवाला एकेक उलटा करून मागचा फोटो घेत होता. दहाबारा झाल्यावर थांबला.

"आजी, या सगळ्यांच्या पिना उलट्या का आहेत?"

मी डावा हात वर करून हलवला. हसत हसत सगळं सांगितलं. भट्टीवाली माझ्या समोर बसून माझा हात बघायची, अंगठा किती वळतो, संधिवातामुळे कुठलं बोट कमी दुखतं. त्यावरून पिना केल्या. नंतरच्या तर अजून हलक्या, कारण माझी बोटं अजून बिघडली.

"सरांना हे माहीत असेल ना? तुम्ही डावखुऱ्या आहात ते?"

"सरांना कुठलं! परवा तर त्यांना उघडताच येईना!"

मी हसले. ते दोघं हसले नाहीत. एकमेकांकडे बघितलं. चष्मेवाली म्हणाली, "आजी, सर ब्रोच करत असताना तुम्ही त्यांना कधी बघितलंत?"

"शनिवारी यायचे की. शिक्का मारायला."

तिने ते लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली. मग चहा अर्धाच पिऊन गेले. चहात माझं काही चुकलं का? साखर तर मी विचारूनच घातली होती.

सोमवार, ता. १८

तिन्ही ब्रोच परत आले. सरांच्या एका विद्यार्थिनीने आणून दिले, पुडीत, कापूस लावून. पॉलिश काही दिसेना. पहिल्यासारखेच. मग उलटे केले.

तिन्हींवरही शिक्का.

हे तीन कसे झाले ते मला माहीत आहे. भट्टीवालीच्या शेवटच्या थंडीत झाले. तिला श्वास पुरत नव्हता, भट्टीजवळ जायला डॉक्टरने मनाई केली होती. ती रोज जेवणानंतर माझ्या या खोलीत यायची, या खिडकीशी बसायची. आग नाही, झाळ नाही. माझ्याकडचं सामान घ्यायची, चेनचे दात, हुक, तार, आणि सुईदोऱ्याने शिवावं तशी तारेने शिवायची. मी शिवत असायचे, ती शिवत असायची. एक दिवस म्हणाली, "ताई, तुमचं अंगुस्तान द्याल?" अंगुस्तान म्हणजे शिवताना बोटावर घालतो ती टोपी. माझं वीस वर्षांचं होतं, सुयांनी टोचून टोचून चाळणी झालेलं. दिलं. तिने ते उभं कापलं, उलगडलं, चपटं केलं. उजेडापुढे धरलं तर हजार भोकं. त्याचा ब्रोच केला. म्हणाली, "हा शिक्क्याला द्यायचा नाही." मी म्हटलं, "बरं." का, ते विचारलं नाही. मला वाटलं, बारीक पत्रा आहे, हातोडीने फाटेल.

आता त्याच्यावर शिक्का आहे. माझ्या अंगुस्तानावर. माझ्या बोटाच्या जागेवर. आणि फाटला नाही.

सर त्या थंडीत माझ्या घरी एकदाही आले नव्हते. कॉलेजच्या कामाने दुसऱ्या शहरात होते.

मी बसले ती बसलेच. मग एक जुनी गोष्ट आठवली, आणि आठवू नये असं वाटलं. सरांचं पहिलं मोठं प्रदर्शन. मी पत्र्याचा पाकिटवाला ब्रोच लावून गेले होते. एका बाईने थांबवून विचारलं, "किती सुंदर! कोणी केला?" भट्टीवाली माझ्या शेजारीच उभी होती, खांद्याला खांदा. आणि मी मोठ्या अभिमानाने म्हटलं, "सरांचा आहे!" तिला बरं वाटेल म्हणून. नवऱ्याचा मान तो आपला मान, असंच मला वाटत होतं. त्यानंतर महिनाभर ती मला भेटली नाही. मी समजले होते, सर्दी झाली असेल.

सर्दी!

मंगळवार, ता. १९

आज काही लिहवत नाही. पुतळीकडे पाठ करून बसले.

गुरुवार, ता. २१

सरांकडे गेले. नात सोबत आली, पण मी तिला खालीच थांबवलं. म्हातारी माणसं एकमेकांशी काय बोलतात ते मुलांनी ऐकू नये.

घर नीटनेटकं. भिंतींवर सरांचे फोटो, मानपत्रं. भट्टीवालीचा एकच, त्यात ती कुणाच्या तरी मागे अर्धी. सरांनी स्वतः चहा केला. थोडा बशीत सांडला. मी रुमालातून अंगुस्तानाचा ब्रोच काढून टेबलावर उलटा ठेवला.

"सर, हा तुम्ही केला नाही."

त्यांनी तो सुलटा करून ठेवला. मग म्हणाले, "ताई, तिला कोण ओळखत होतं? माझा शिक्का होता म्हणून दुकानांनी घेतले. नाहीतर मागच्या खोलीत पडून राहिले असते."

"तिने सांगितलं होतं का, शिक्का मारा म्हणून?"

"सुरुवातीला तिनेच. आणि पहिल्या काही वर्षांत चित्रं मी काढून द्यायचो. तुम्ही बघितलीत."

हे खरं आहे. बघितलीत मी. कागदावर पेन्सिलीने, बाजूला मापं. "नंतर?" मी विचारलं.

"नंतर मला काही सुचत नव्हतं, ताई." इतकं हळू म्हणाले की मला पुढे वाकावं लागलं. "ती करत गेली. मी मारत गेलो. एकदा चुकल्यावर कुठे थांबायचं ते कळेना. आता एवढंच उरलंय माझ्याकडे. या भिंती आणि ते नाव."

मला रडू आलं, आणि रागही आला, आणि कुठलं आधी आलं ते सांगता येणार नाही. म्हटलं, "पण निदान हा एक तरी! हा तिने माझ्यासमोर, माझ्या बोटाचं काढून केला. हा तुम्ही कसा हो घेतलात?"

"कारण एक वेगळा राहिला असता तर सगळ्यांबद्दल विचारलं असतं." मग माझा हात धरला. "ताई, माझ्यानंतर सांगा. मी गेल्यावर सगळं सांगा. तिचं नाव लावा, काय वाटेल ते करा. प्रदर्शन होईपर्यंत थांबा. मी आता किती दिवसांचा सोबती?"

मी म्हटलं, "आणि मीच आधी गेले तर?"

ते हसायला गेले, पण जमलं नाही.

परत येताना नातीने विचारलं, काय झालं. मी सांगितलं, सर म्हणतात थांबा. ती म्हणाली, "मग थांबणार?" मी म्हटलं, "माझ्या नवऱ्याला कोणी पाच आठवडे वाचून दाखवलं होतं?" ती म्हणाली, "आणि तुझ्या बोटांसाठी पिना कोणी केल्या?" वकील व्हायला हवी होती कार्टी. बसमध्ये आम्ही दोघी एकमेकींकडे बघितलंच नाही.

शनिवार, ता. २३

सून विचारते, कपाट घ्यायचं की नाही. मी म्हटलं, अजून ठरलेलं नाही. "कपाटाचं?" म्हणाली. कपाटाचंच, म्हटलं.

एक गोष्ट मात्र मनात घट्ट बसलीय. कोटांच्या पट्टीचं मी कधी वाईट वाटून घेतलं नाही, कारण कोट मी विसरून जायचे. शंभर कोटांतला माझा कुठला, मला स्वतःला सांगता आला नसता. भट्टीवालीला प्रत्येक सांगता आला असता.

सोमवार, ता. २५

पहिला हातमोजेवाला आला आज, चष्मेवाली मागून. माझ्या सहीचा कागद घेऊन आले होते, प्रदर्शनाच्या पुस्तकात छापायच्या आधी एकदा खात्री करायला म्हणून. शेजारीण दारात होतीच. मी तिला म्हटलं, "आज नको गं." बिचारी गेली. पहिल्यांदाच न बोलता गेली.

मी दोघांना बसवलं. चहा केला नाही. आधी बोलून घ्यावं, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

"हा कागद खोटा आहे," मी म्हटलं. "सही माझीच आहे. पण मजकूर खोटा आहे, आणि सही केली तेव्हाही मला टोचलं होतं."

मग सगळं सांगितलं. शनिवारचा शिक्का, अंगुस्तान, ती शेवटची थंडी. पहिल्या काही ब्रोचची चित्रं सरांची होती, तेही सांगितलं, अगदी नीट, दोनदा, म्हणजे त्यांनी ते वगळायला नको. बोलताना सर डोळ्यांसमोर होते, चहा सांडणारे.

चष्मेवाली म्हणाली, "आजी, आम्हाला शंका आली होती. त्या पिनांवरून. पण तुम्ही बोलल्याशिवाय आम्ही काही करू शकत नव्हतो."

"मग आता?"

हातमोजेवाल्याने सरळ सांगितलं, आणि बरं केलं. "आता प्रदर्शन पुढे जाईल, की रद्द होईल, सांगता येत नाही. फलक छापून झालेत सरांच्या नावाने. कदाचित तुमचे ब्रोच कपाटात जाणारच नाहीत. मग तुमच्या नावाची पाटीही नाही."

हे ऐकून वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. तीन आठवडे मी मनातल्या मनात त्या काचेपुढे उभी राहत होते, नवी चप्पल घालून, सगळ्यांना दाखवत. "नसेल तर नसेल," मी म्हटलं. आवाज नीट निघाला.

"आणि आजी, एकदा सांगून चालणार नाही. सत्तावीसच्या सत्तावीस, एकेक करून सांगावं लागेल. कुठल्याचं चित्र सरांचं, कुठला अजिबात त्यांचा नाही, कोणी काय बघितलं. आवाज टिपून घेऊ. वकील असतील. दिवसभर लागेल."

"लागू दे. प्रत्येक मी अंगावर घातलाय. सांगते."

चष्मेवालीने फोन काढला, सरांना कळवावं लागेल म्हणाली. मी हात पुढे केला. "मला द्या." तिने नंबर लावून दिला.

"सर, मी बोलतेय. मी सांगितलं."

घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती, त्यांच्या घरातली की माझ्या, कोण जाणे.

"सगळं?"

"सगळं. पहिली चित्रं तुमची होती, तेही."

मग म्हणाले, "थांबला नाहीत तुम्ही."

"नाही थांबले. यांना वाचून दाखवायचात ते मी विसरले नाही, सर. तरी नाही थांबले."

मला वाटलं, फोन ठेवतील. नाही ठेवला. मी म्हटलं, "हे लोक परत येणार आहेत, सगळं टिपून घ्यायला. तुम्हीही या. तुमच्या पाठीमागे एक अक्षर बोलणार नाही मी. जे बोलायचं ते तुमच्यासमोर. आणि तुम्हाला जे सांगायचं असेल ते तुम्ही सांगा. कुठल्या ब्रोचचं मला चुकलं तर तुम्हीच सांगाल, दुसरं कोण सांगणार आता?"

"जिने फार आहेत, ताई," म्हणाले, आणि मग ठेवला.

हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत. नात म्हणते, ती खाली जाऊन थांबेल, आले तर हात धरून वर आणेल. चष्मेवाली आणि हातमोजेवाला मात्र नक्की येणार. गुरुवारी, ता. २८, सकाळी दहाला.